पुढचं चाक

मध्यंतरी पुण्यातल्या गाड्या पासिंगसाठी आमच्या दिव्याला यायला लागल्या. ब्रेक तपासायचा ट्रॅक इकडं झाला, त्यामुळं शहरातल्या रिक्षावाल्यांना हडपसर ओलांडून, दिवे घाट चढून वर यावं लागायचं. सकाळच्या पारी काळ्या-पिवळ्या रिक्षांची रांग घाट चढताना बघून आमची म्हातारी माणसं हसायची. म्हणायची, आमचं सगळं आयुष्य माल घेऊन पुण्याला उतरण्यात गेलं, आता पुणं आमच्याकडं चढून येतंय.

माझा पुतण्या हडपसरला रिक्षा चालवतो. पासिंगच्या आधी आठवडाभर त्याचा फोन आला.

‘‘तात्या, पुढचा टायर बदलायचाय. दादांना इचारा, काय करू? दुकानदार म्हणतोय, पुढच्या चाकाला काय वजन नसतं, नुस्तं वळायचं काम. रिमोल्ड बी चालंल म्हणतो.’’

मी फोन कानाला लावून तसाच बसलो. माझा थोरला भाऊ, ज्याला त्याची पोरंसुद्धा दादाच म्हणतात, ओट्यावर बसून वाटाणा सोलत होता. उजवं मनगट वाकडं, त्यामुळं तो शेंग डाव्या हातानं फोडतो. त्या मनगटाचा आणि रिमोल्ड टायरचा जो संबंध आहे, तो मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. आज लिहितो. पण त्याआधी चाकाचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर काय झालं ते नीट कळायचं नाही.

आमच्या लहानपणी टायर हा शब्दच नव्हता. चाकाला असायची ती धाव. लाकडी चाकावर बसवायची लोखंडी पट्टी. लोहार ती गोल करायचा, चाकापेक्षा बोटभर कमी मापाची. मग गोवऱ्यांच्या आरात लाल करायची, सांडशीनं धरून तिघाचौघांनी चाकावर बसवायची आणि लगेच वरून पाणी मारायचं. वाफ उसळायची, लाकूड कडकड करायचं आणि धाव आवळली जायची. एकदा बसली की वर्षानुवर्षं बघायला नको. बैलगाडीला दोन चाकं, दोन्हीला सारखी धाव. एक झिजली तर दुसरीही झिजलेलीच असायची. पुढचं-मागचं असा प्रश्नच नव्हता, कारण पुढं बैल होते.

अशा गाडीत आमचे वडील अंजिराच्या आणि सीताफळाच्या पाट्या घालून रात्रीचे निघायचे. घाटात उताराला चाकाला लाकडाचं अडणं लावायचं आणि गाडीखाली कंदील टांगायचा. मस्तानी तळ्यापाशी बैलांना दम द्यायचा आणि उजाडता उजाडता पुण्यात मंडईत पोचायचं. ही मंडई 1886 सालची. गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावानं ती रे मार्केट होती, पुढं तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. वडिलांच्या तोंडी मात्र नुसती ‘मंडई’. पुणं म्हणजे मंडई, त्यापलीकडचं पुणं त्यांनी फारसं बघितलंच नाही.

हवेचा टायर कुठून आला, हे मी पुढं एका पुस्तकात वाचलं तेव्हा मला गंमत वाटली. डनलॉप नावाचा माणूस, राहणारा आयर्लंडातल्या बेलफास्टचा, धंद्यानं ढोरांचा डॉक्टर. त्याच्या पोराला तीनचाकी सायकल होती, भरीव रबराच्या चाकांची. दगडी रस्त्यावर ती खडखडायची. बापानं रबराची नळी करून तीत हवा भरली आणि ती चाकाला बसवली. 1888 साली त्यानं पेटंट घेतलं. त्याच्या आधी थॉमसन नावाच्या माणसानं 1845 मध्येच ही युक्ती काढली होती, पण तेव्हा ती कुणी फारशी मनावर घेतली नाही. म्हणजे आज जगभर जो टायर फिरतोय, तो एका ढोरांच्या डॉक्टरनं तीनचाकीसाठी पहिल्यांदा चालता केला. पुण्यातल्या रिक्षावाल्यांनी त्याचा फोटो लावायला हरकत नाही.

पुण्यात तीनचाकी आली ती स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत. तोवर पुण्यात टांगे होते. रिक्षा आणण्यामागं नगरच्या नवलमल फिरोदियांची खटपट. वकिली शिकलेला, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंग बघितलेला माणूस. इटलीतल्या पियाजियो कंपनीनं युद्धानंतर स्कूटरच्या धर्तीवर तीन चाकांची गाडी काढली होती. स्कूटरचं नाव व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी, आणि तीनचाकीचं आपे, म्हणजे मधमाशी. आपल्याकडं तिचं ‘अ‍ॅपे’ झालं. पुढं तीच कंपनी बारामतीत कारखाना घालून बसली, पण ते फार नंतर. बजाजनं 1948 पासून बाहेरून आणलेल्या दोनचाकी-तीनचाकी विकल्या, 1959 ला इथंच बनवायचा परवाना मिळवला आणि आकुर्डीला रिक्षा व्हायला लागल्या. मागं इंजिन असलेली रिक्षा आली 1977 ला.

शेतकऱ्याच्या कामाची मात्र रिक्षा नव्हे, टेम्पो. हा शब्द आपण इतका घरचा केलाय की चार चाकी असो की सहा चाकी, मालाची छोटी गाडी दिसली की टेम्पो. खरं तर ते एका जर्मन कंपनीचं नाव. हॅम्बुर्गच्या ‘विडाल अँड सोन’ या कंपनीची गाडी ‘टेम्पो’, आणि तिची तीनचाकी ‘हॅन्सिएट’. फिरोदियांनी 1958 मध्ये बजाज टेम्पो कंपनी काढली आणि ही तीनचाकी इथं बनवायला घेतली. आधी मुंबईला गोरेगावात, पुढं आकुर्डीला. जर्मनीत ते नाव कधीच पुसलं गेलं. कंपनीनंही 2005 साली नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. पण मार्केट यार्डात आजही हमाल ‘टेम्पो लावा’ असंच म्हणतो.

या हॅन्सिएटची गोम अशी, की इंजिन पुढच्याच चाकावर. दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, चारशे सीसीच्या आसपास. चेन लावून ते पुढचंच चाक फिरवायचं. रिक्षात मागची चाकं ढकलतात आणि पुढचं नुसतं वळतं. टेम्पोत पुढचं एकच चाक गाडी ओढणार, तेच वळवणार, आणि उताराला ब्रेक मारला की सगळा भार पुन्हा त्याच्यावरच. मागची दोन बिचारी पाटीखाली नुसती गडगडत येणार. सहा बैलांचं काम एका बैलावर.

आमच्या घरी टेम्पो आला 1979 ला. भवानी पेठेतल्या एका व्यापाऱ्याकडून जुनाच घेतला. एक बैलजोडी आणि अंजिराच्या एका बहाराचे सगळे पैसे त्यात गेले. दादा तेव्हा सत्तावीस वर्षांचा. मी दहावी झालेलो. अकरावी जाऊन मॅट्रिक दहावीवर आली, त्या सुरुवातीच्या बॅचमधला मी. घरात शिकलेला म्हणून हिशोबाची वही माझ्याकडं, आणि सुटे भाग आणायला नाना पेठेत मीच. नाना पेठेत गाडीचा कुठला भाग मिळत नाही असं नव्हतं. जुना-नवा, असली-नकली, सगळं एका गल्लीत.

दादानं टेम्पो चालवता चालवता स्वतःचे नियम केले होते. घाट चढताना, म्हणजे पुण्याहून खताच्या गोण्या भरून येताना, जड गोणी केबिनला चिकटून. मागं भार गेला की पुढचं चाक हलकं होतं आणि ओल्या रस्त्यावर जागच्या जागी गरगर फिरतं, गाडी काही चढत नाही. पावसाळ्यात आम्ही दोघं-तिघं केबिनमध्ये कोंबून बसायचो, ते काय आरामासाठी नव्हे, पुढच्या चाकाला वजन द्यायला. टायरला बटणं किती राहिली ते तो काडेपेटीच्या काडीनं बघायचा. काडीचा गुल खाचेत बुडाला तर ठीक, वर राहिला तर टायर काढायचा.

आणि टायरांची फिरवाफिरव. आमच्या गाडीला तिन्हीकडं एकच स्टेपनी चालायची. नवा टायर आला की तो पुढं. पुढचा अर्धा झिजला की तो मागं. मागचा गोटा झाला की त्याला रबर चढवून पुन्हा मागंच, नाहीतर जुन्या बाजारात. ‘‘मागल्या चाकाला जोडीदार हाय,’’ दादा म्हणायचा, ‘‘एक बसलं तर दुसरं धरतंय. फुडल्याला कोण न्हाई.’’

रबर चढवलेला टायर वाईट असतो असं नाही, हे इथंच सांगतो. पुण्याहून नगरला 1 जून 1948 ला पहिली एसटी गेली, तेव्हापासून आपला सगळा प्रांत ज्या एसटीनं फिरला, तिचे स्वतःचे टायर रबर चढवायचे कारखाने आहेत. जुन्या टायरचं वरचं रबर खरवडून काढायचं, सोल्युशन लावायचं, नवी पट्टी चढवायची आणि साच्यात तापवून एकजीव करायची. आतलं कापड, म्हणजे प्लाय, धड असलं तर असा टायर चांगला पळतो. आतून ओल शिरलेली असली, कुठं गेटर मारून झाकलेलं असलं, की पळताना तापतो आणि वरची पट्टी सुटते. बाहेरून बघून ते कळत नाही. म्हणून एसटीतसुद्धा नवा टायर पुढं आणि चढवलेला मागं. हे मला एका एसटीच्या मेकॅनिकनं सांगितलं, पण तेव्हा उशीर झाला होता.

1984 चा श्रावण. वाटाण्याचे दिवस. आमच्याकडं पावसाळी वाटाणा, आणि पहिल्या तोड्याला जो भाव मिळतो तो पुन्हा मिळत नाही. पुढचा टायर उतरलेला. दादानं नव्या टायरचे पैसे मोजून माझ्या हातात दिले आणि मला पुण्याला पाठवलं.

मी नाना पेठेत चार दुकानं फिरलो. नव्या टायरचा भाव ऐकला आणि एका दुकानात रबर चढवलेला टायर बघितला. काळाभोर, चकचकीत, वर आडवी बटणं हातभर उठलेली. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. दुकानदारानं काही फसवलं नाही, तो सरळ म्हणाला, चढवलेला आहे. उरलेल्या पैशातून मी लक्ष्मी रोडला जाऊन पॅन्ट-शर्टाचं कापड घेतलं. त्या महिन्यात मला मुलगी बघायला जायचं होतं.

घरी आलो तेव्हा अंधार पडला होता. दादा शेतात गोण्या शिवत होता. त्यानं बॅटरीच्या उजेडात टायरवरून हात फिरवला, कडेला अंगठा दाबला. कापडाच्या पुडक्याकडं बघितलं की नाही, मला माहीत नाही. एवढंच म्हणाला, ‘‘ह्यो मागं टाक. मागला डावा अजून बरा हाय, तो फुडं घे.’’ आणि गोण्यांकडं गेला.

म्हणजे काम दुप्पट. आधी मागं जॅक लावायचा, चाक खोलायचं, टायर उतरवायचा, ट्यूब काढायची, चढवलेला बसवायचा, पंपानं हवा भरायची. मग पुढं जॅक लावून पुन्हा तेच. पुढचं चाक चेनमुळं आधीच किचकट. पाऊस भुरभुरत होता. दोन वाजता निघायचं होतं. मी पुढं जॅक लावला, उतरलेला टायर काढला, चढवलेला तिथंच बसवला आणि हात धुवून झोपलो. एका रात्रीचा तर प्रश्न आहे, उद्या परत आल्यावर बदलू, असं मनाशी म्हणालो. दादाला सांगितलं नाही.

दोनला निघालो. पंधरा-सोळा गोण्या, मी शेजारी. घाटात धुकं. पहिली दोन वळणं गेली आणि कुठून तरी थाप, थाप असा आवाज यायला लागला, ओलं कापड दगडावर आपटावं तसा. दादानं माझ्याकडं बघितलं. त्याला बहुतेक तेव्हाच कळलं. त्यानं गिअर उतरवला, तोवर रबराची पट्टी सुटून मडगार्डात गुंडाळली गेली आणि चाक अडकलं. मागून पंधरा-सोळा गोण्यांचा रेटा. खाली मस्तानी तळं होतं, ते दिसत नव्हतं, पण आहे हे दोघांनाही माहीत होतं. दादानं सगळा जोर लावून गाडी डोंगराच्या अंगाला घातली. टेम्पो गटारीत कलंडला.

मला खरचटलं. दादाचा उजवा हात चाकात आणि दरवाजात सापडला होता. वाटाणा सगळ्या रस्त्यावर. उजाडेपर्यंत खालून वर येणारे दोन ट्रकवाले थांबले, त्यांनी गाडी सरळ करायला हात दिला. एकानं जाता जाता पुढच्या चाकाकडं बघून विचारलं, ‘‘रिमोल्ड पुढं कुणी टाकला?’’ मी गोण्या गोळा करत राहिलो. दादा म्हणाला, ‘‘असतोय टाकलेला.’’

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं, पण कांद्याची लागण आली म्हणून दादानं ते मुदतीच्या आधीच विळ्यानं कापून काढलं. हाड वाकडं बसलं. त्यानंतर त्यानं टेम्पो चालवला नाही. मी शिकलो आणि मी चालवायला लागलो, गाडी विकेपर्यंत. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला, आमच्या फेऱ्या तिकडं सुरू झाल्या. आकुर्डीतून हॅन्सिएट पार 2000 सालापर्यंत निघत होती, पण त्याच्या कितीतरी आधी आम्ही चार चाकांवर आलो. मधल्या काळात पुण्यात सहा आसनी रिक्षा आल्या, त्यांचा धूर आला आणि गेला. वहिनी कधीतरी विचारायच्या, नवा टायर होता ना हो, मग फुटला कसा? मी म्हणायचो, नशीब. ते कापड मी शिवलं नाही. पेटीत राहून त्याला कसर लागली.

तर पुतण्याचा फोन. मी दादाला विचारलं नाहीच, दोघांनीच हडपसरला जायचं ठरवलं. दुकान रस्त्यालगतच. रिक्षाचा टायर लहान, 4.00-8, दुकानात त्याला ‘चारशे आठ’ म्हणतात. चार इंच रुंद आणि आठ इंचाच्या रिंगवर बसणारा. पुढं-मागं एकाच मापाचा, म्हणूनच पोरं घोळ करतात. पोरानं तीन काढून दाखवले. एक रिमोल्ड. एक नवा, आडव्या मोठ्या बटणांचा. एक नवा, उभ्या सरळ खाचांचा.

मी पुतण्याला समजावलं. टेम्पोला पुढं ओढायचं काम होतं, तिथं बटणं लागायची. तुझ्या रिक्षाला ओढतंय मागलं, तिथं बटणाचा टाक. पुढलं वळतंय, त्याला उभ्या खाचांचा घे, पावसाचं पाणी खाचेतून निघून जातं आणि हँडल सरळ राहतं. टायरवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, ते बघून घे, दुकानात पडून वाळलेला नको. बाजूला छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत खाचेच्या तळाला रबराचा उंचवटा. झिजत झिजत त्या उंचवट्याला टेकला की टायर संपला, काडी लावायची गरज नाही. हे सगळं मी दुकानदारासारखं बोलत होतो. दादा बाकड्यावर बसून ऐकत होता.

मग तो उठला. रिमोल्डकडं बघितलंही नाही. उभ्या खाचांचा नवा टायर डाव्या हातानं उचलून वाकड्या मनगटावर टेकवला, आतून-बाहेरून बघितला, कडेला अंगठा दाबला.

‘‘ह्यो फुडं,’’ तो पोराला म्हणाला. ‘‘आन् फुडला अजून निम्मा हाय, तो मागं डावीकडं टाक. तिथला पार गोटा झालाय.’’

‘‘बाबा, मग दोनदा जॅक लावाय लागंल,’’ पोरगं म्हणालं. ‘‘नुस्ता पुढचा बदलू की आता, मागचा पासिंग झाल्यावर बघू.’’

‘‘दोनदा लाव,’’ दादा म्हणाला. ‘‘पाऊस न्हाई, रात बी न्हाई. आमच्या तात्याला तवा कटाळा आला हुता.’’

तो माझ्याकडं न बघता पुन्हा बाकड्यावर जाऊन बसला आणि चंची सोडायला लागला. पोरानं मागं जॅक लावला. मी पैसे द्यायला आत गेलो.